विचारा, सांगते : कडबाकुट्टीला मोटर कोणती घ्यावी?

रब्बीची ज्वारी निघाली, कडब्याच्या गंजी लागल्या, की परभणीतल्या आमच्या दुकानात दोन प्रकारची माणसं येतात. नवी मोटर कोणती घ्यावी हे विचारणारी, आणि जळालेली मोटर पोत्यात घालून आणणारी. पहिल्यांना नीट उत्तर मिळालं तर दुसरी कमी होतील, म्हणून या महिन्याच्या पत्रांतून मोटरींचीच चार निवडली आहेत. मोटर भरण्याचं, म्हणजे आतली जळालेली तारेची वेटोळी (वाइंडिंग) काढून नवी घालण्याचं, काम मी सासऱ्यांच्या हाताखाली शिकले, त्याला २६ वर्षं झाली. इथं जे सांगते ते बहुतेक उघडलेल्या मोटरींच्या पोटात पाहिलेलं आहे.

प्रश्न : आम्ही आखाड्यावरच राहतो. दोन म्हशी, तीन गाई आणि एक बैलजोडी आहे. कडबाकुट्टीचं मशीन घेतलं, मोटर घ्यायची राहिली. मशीनच्या पाटीवर २ एचपी आणि मिनिटाला ४८० फेरे लिहिलंय, चाकाची पुली ९ इंची आहे. दुकानदार म्हणतो, ३ एचपीच घ्या, बिनघोर राहा. त्याच्याकडे २८८० फेऱ्यांची मोटर १४४० वालीपेक्षा स्वस्त आहे. मीटर घराच्या भिंतीवर, तिथून गोठा ७० मीटर. लाईट सिंगल फेज. कोणती घेऊ?
— एक शेतकरी, ता. पूर्णा, जि. परभणी

उत्तर : दादा, एचपीचं नंतर बोलू. आधी एक काम करा. संध्याकाळी सात-साडेसातला, वस्तीवरचे सगळे दिवे-पंखे चालू असतात तेव्हा, गोठ्यात मोटर बसणार आहे त्याच बोर्डावर मल्टीमीटर लावा आणि व्होल्टेज लिहून ठेवा. मग त्याच बोर्डावर पाणी तापवायचा १५०० वॉटचा रॉड लावा. रॉड आधी बादलीत बुडवायचा, मगच बटण दाबायचं. रॉड चालू असताना पुन्हा व्होल्टेज लिहा. हा रॉड साधारण साडेसहा अँपिअर ओढतो. २ एचपीची सिंगल फेज मोटर भरल्या कामावर ११-१२ अँपिअर ओढते आणि सुरू होताना, त्या दोन-तीन सेकंदांत, त्याच्या पाचपट. म्हणजे रॉडनं जेवढे व्होल्ट पडले त्याच्या दुप्पट मोटर चालताना पडणार, आणि सुरू होताना सात-आठपट (व्होल्टेज पडलं की ओढही थोडी कमी होते, म्हणून पुरती दहापट नाही). रॉडनं ७ व्होल्ट पडले तर मोटर उचलताना ५० व्होल्ट गेले असं धरा.

मी याच्यावर एवढा जोर का देते ते सांगते. मोटरीची पिळण्याची ताकद, जिला टॉर्क म्हणतात, ती व्होल्टेजच्या वर्गानं कमी होते. २३० व्होल्टला जी ताकद, ती १८० व्होल्टला पाव हिस्सा कमी होत नाही, ६१ टक्क्यांवर येते. १६० व्होल्टला निम्म्याच्याही खाली जाते. मोटर तीच, एचपी तोच, पण दुकानात झटक्यात उचलणारी मोटर गोठ्यात घरघरत बसते, आणि माणूस म्हणतो मोटर खराब दिली.

आता तुमचे ७० मीटर. जाणारी आणि येणारी मिळून तार झाली १४० मीटर. बहुतेक लोक अडीच एमएमची तांब्याची वायर ओढतात. तिचा या लांबीला अवरोध एक ओहमच्या थोडा वर जातो. मीटरपाशी २२५ व्होल्ट असले तरी मोटर उचलायच्या वेळी गोठ्यात १७५-१८० उरतात. तीच वायर ६ एमएम तांब्याची घेतली तर २०० च्या वर राहतात. तांबं परवडत नसेल तर १० एमएम ॲल्युमिनियम घ्या, अवरोध ६ एमएम तांब्याइतकाच पडतो. मध्ये जोड ठेवू नका. ॲल्युमिनियमला तांबं नुसतं पिळून जोडलं की तो जोड काळा पडतो, तापतो आणि पुन्हा व्होल्टेज खातो. तारेच्या टोकाला लग, म्हणजे धातूची टोपी, दाबून घ्या. जमलं तर मीटरच्या जवळच मशीन बसवा. वैरण ७० मीटर उचलून नेणं तारेपेक्षा स्वस्त पडेल का, हे घरात सगळ्यांनी बसून ठरवा, कारण ती वाहणार बहुतेक घरातल्या बाया आहेत.

आता ३ एचपी. तुमच्या मशीनला २ लिहिलंय, तर २ घ्या. ३ एचपीची सिंगल फेज मोटर चालताना १६-१७ अँपिअर घेते आणि सुरू होताना ८० च्या आसपास मागते. तुमच्या तारेवर ती आणखी व्होल्टेज पाडील, म्हणजे मोठी मोटर आणून उचल कमी झाली असं होईल. बिनघोर राहायचं असेल तर पैसे तारेत घाला. घरच्या मीटरवरचा मंजूर भारही बिलावर पाहून घ्या. २ एचपी म्हणजे नुसतं काम दीड किलोवॉटचं, मीटरमधून ती दोन किलोवॉटच्या आसपास ओढते.

फेऱ्यांचा हिशेब मात्र कुणावर सोडू नका, स्वतः करा. मोटरीचे फेरे गुणिले मोटरीची पुली, बरोबर मशीनचे फेरे गुणिले मशीनची पुली. ४८० गुणिले ९ म्हणजे ४३२०. त्याला १४४० नं भागलं की ३. म्हणजे १४४० च्या मोटरीला ३ इंची पुली लावली की मशीन पाटीवरच्या ४८० वर बरोबर बसतं. २८८० ची मोटर घेतली तर पुली दीड इंची लागेल. ए सेक्शनच्या, म्हणजे अशा मशीनला लागणाऱ्या लहान मापाच्या, बेल्टला ३ इंचाहून लहान पुली चालत नाही, बेल्ट फार वाकून महिनाभरात चिरतो. मग लोक तीच ३ इंची पुली ठेवतात आणि मशीन ९६० नं पळतं. दुप्पट वेगानं पाती, दुप्पट वेगानं आत ओढणारे रोलर. कुट्टी जास्त निघते असं दोन दिवस वाटतं, आणि मोटरीवर ओझं दुपटीच्या पुढं जातं.

मागच्या पावसाळ्यात जिंतूर रस्त्यावरच्या एका गावाहून अशीच मोटर आली, चार महिन्यांत दुसऱ्यांदा. उघडली तर बारीक तारेचं स्टार्टिंग वाइंडिंग कोळसा झालेलं आणि जाड तारेचं रनिंग वाइंडिंग जसंच्या तसं तांबूस. मोटर अशी अर्धी जळाली की मला कारण विचारावं लागत नाही. त्या मोटरीत स्टार्टिंग वाइंडिंग फक्त उचलायच्या दोन-तीन सेकंदांसाठी असतं. मोटर पाऊणएक वेगाला आली की आतला सेंट्रिफ्युगल स्विच, म्हणजे वेगानं आपोआप उघडणारा स्विच, त्याचा करंट तोडतो. मोटर वेगच घेऊ शकली नाही, तर स्विच उघडत नाही आणि ती बारीक तार जळेपर्यंत करंट वाहत राहतो. त्या माणसाला मी पुली बदलायला लावली. त्यानं शेवटी मोटर बदलली, १४४० ची घेतली. तेव्हापासून तो दुकानात आला तो बेअरिंगसाठीच.

जात कोणती? दोन कंडेन्सरवाली, म्हणजे कपॅसिटर स्टार्ट कपॅसिटर रन. (कपॅसिटरला आम्ही सगळे कंडेन्सरच म्हणतो.) काळा गोल मोठा कंडेन्सर उचलण्यापुरता, दुसरा लहान कायम जोडलेला. ही मोटर सुरुवातीला भरल्या कामाच्या दुपटीहून जास्त टॉर्क देते. कुट्टीचं चाक जड असतं, ते हलवायला एवढं लागतंच. एकाच कायमच्या कंडेन्सरची मोटर पंख्याला, कूलरला, लहान पाणपंपाला छान, पण तिची उचल भरल्या टॉर्कपेक्षाही कमी असते. ती कडबाकुट्टीला बसवू नका, कितीही स्वस्त मिळाली तरी.

पाटीवर आणखी तीन गोष्टी वाचा. आयएस ९९६ हा सिंगल फेज मोटरींचा भारतीय मानक क्रमांक आहे, तो आणि आयएसआयची खूण असावी. ड्यूटी एस-१ असावी, म्हणजे सलग चालण्यासाठी. आणि शाफ्ट मोजा. २ एचपीला बऱ्याचदा ९० ची फ्रेम येते, तिचा शाफ्ट २४ मिलिमीटर असतो. पुलीचं भोक त्याच मापाचं, चावीच्या खाचेसह हवं. पत्र्याची पट्टी घालून ढिली पुली बसवली की शाफ्ट खातो, आणि शाफ्ट भरणं वाइंडिंग भरण्यापेक्षा किचकट काम आहे.

आता जे तुम्ही विचारलं नाही ते. नुसत्या बटणावर कडबाकुट्टी चालवू नका. नो-व्होल्ट कॉईलचा स्टार्टर लावा. या कॉईलमुळे लाईट गेली की स्टार्टर सुटतो, आणि लाईट आली तरी माणसानं हिरवं बटण दाबल्याशिवाय मोटर फिरत नाही. माझ्या धाकट्या भावानं बटणावर चाललेल्या मशीनमध्ये लाईट गेली असताना अडकलेला कडबा काढायला हात घातला. बटण चालूच होतं. लाईट आली. उजव्या हाताची दोन बोटं गेली, तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. स्टार्टरचे पैसे वाचवले असं त्या वेळी घरात कुणालाही वाटलं नव्हतं, स्टार्टर लागतो हेच माहीत नव्हतं. दादा, मोटर दोन महिने उशिरा घ्या, पण स्टार्टरशिवाय घेऊ नका. त्यातला ओव्हरलोड रिले, म्हणजे करंट जास्त झाला की मोटर बंद पाडणारा भाग, मोटरीच्या पाटीवरच्या अँपिअरला लावा. अर्थिंग वेगळं करा, मोटरीच्या बॉडीला आणि मशीनच्या सांगाड्याला दोन्हीकडे जोडा, गोठ्यात जमीन कायम ओली असते. बेल्टला जाळीचं कव्हर बसवा. अडकलेली वैरण काढायच्या आधी स्टार्टर बंद आणि मेन स्विच पाडलेला, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. पदर, ओढणी, उपरण्याचं टोक खोचून मगच मशीनपाशी जायचं.

सुरू करताना मशीन रिकामं ठेवा. पूर्ण वेग आला की पेंढीचं तोंड लावा. मालदांडीचा वाळलेला कडबा असेल तर बारीक पेंढी, हिरवं बाटूक असेल तर त्याहून थोडं जास्त जातं. पाती बोथट झाली की मोटर दोन अँपिअर जास्त ओढते, म्हणून धार लावणं हीसुद्धा मोटरीचीच निगा समजा.

प्रश्न : आमच्या बचत गटानं मिरची-हळद कांडायचं २ एचपीचं यंत्र घेतलं आहे. मोटर २८८० ची आहे. अर्धा तास सलग चाललं की मोटरीला हात लावत नाही आणि रिले पडतो. गावातले मेकॅनिक म्हणतात, १४४० ची मोटर बसवा, कमी तापेल. रिले थोडा वाढवून देतो असंही म्हणाले. काय करावं?
— बचत गटाच्या अध्यक्ष, ता. औसा, जि. लातूर

उत्तर : ताई, दोन्ही करू नका. कडबाकुट्टीवाल्या दादांना मी १४४० सांगितली, तुम्हाला २८८० च राहू द्या म्हणते, कारण यंत्राचं काम वेगळं आहे. कांडप यंत्रातले हातोडे वेगानं आपटून मिरची फोडतात. वेग निम्मा केला तर पूड जाळीतून पडणारच नाही, आतच फिरत राहील आणि मिरचीचा रंगही उतरेल.

हाताला चटका बसतो म्हणजे मोटर बिघडली असं नसतं. हात ६० अंशांच्या पुढं टिकत नाही, आणि चांगल्या मोटरीची बॉडी ७० पर्यंत सहज जाते. बी क्लासचं इन्शुलेशन, म्हणजे तारेवरचं आवरण, आत १३० अंशांपर्यंत सोसतं. पण तुमचा रिले पडतोय, ही खरी तक्रार आहे. क्लॅम्प मीटर, ज्याला मेकॅनिक टोंग टेस्टर म्हणतात, तो एका तारेभोवती लावून मिरची पडत असताना अँपिअर मोजून घ्या आणि पाटीवरच्या आकड्याशी ताडून पाहा. सोबत व्होल्टेजही. व्होल्टेज कमी असेल तर मोटर तेच काम करायला जास्त करंट ओढते. करंट २० टक्के वाढला की उष्णता ४४ टक्के वाढते.

माझा अंदाज मात्र आधी मागच्या पंख्याकडे जातो. मोटरीच्या मागं पत्र्याचं टोपण असतं, त्याच्या जाळीतून पंखा हवा ओढून बॉडीवरच्या पाकळ्यांवर फेकतो. मसाल्याच्या मोटरी माझ्याकडे येतात तेव्हा ही जाळी आणि पाकळ्यांमधल्या खाचा मिरचीच्या पुडीनं लिंपलेल्या असतात, हळदीचं तर प्लास्टरच होतं. दर आठवड्याला मोटर बंद करून, मेन पाडून, कोरड्या ब्रशनं साफ करा. पाणी नको. नाकाला दुपट्टा बांधा, मला स्वतःला त्या पुडीनं रात्रभर खोकला लागलेला आहे.

मिरची कडक वाळलेली हवी. ओलसर मिरची जाळी बुजवते आणि हातोड्यांना चिकटते. फार बारीक जाळी एकदम लावण्यापेक्षा आधी मोठ्या जाळीनं एकदा काढून मग बारीक लावा.

आणि वेळ. मोटर ४० अंशांच्या भोवतालच्या हवेसाठी बनवलेली असते. एप्रिल-मेमध्ये औशाला दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये किती असतं ते तुम्हाला माहीतच आहे. मसाल्याचा हंगाम नेमका तेव्हाच. सकाळी सहा ते दहा आणि ऊन उतरल्यावर चालवा, मध्ये यंत्राला आणि बायकांना विसावा द्या. इन्शुलेशन सोसतं त्याहून दर १० अंशाला त्याचं आयुष्य निम्मं होतं असा आमच्या धंद्यात हिशेब आहे. म्हणून रिले वाढवू नका म्हणते. तो पडतो तेव्हा तो तुमचे मोटर भरायचे पैसे वाचवत असतो.

प्रश्न : हळद पॉलिशच्या ड्रमला १ एचपी सिंगल फेज मोटर आहे. बटण दाबलं की नुसती घुं घुं करते. पुलीला हातानं झटका दिला की चालू होते आणि मग छान चालते. नवी घ्यावी का?
— एक शेतकरी, ता. वसमत, जि. हिंगोली

उत्तर : नवी नको. आणि आजपासून पुलीला हात लावू नका, बेल्ट बोटं ओढून घेतो.

एका फेजचं चुंबकत्व गोल फिरत नाही, ते जागेवरच उलटं-सुलटं होतं. त्यामुळे थांबलेल्या मोटरीला कोणत्या बाजूनं फिरावं हे कळत नाही. स्टार्टिंग वाइंडिंग आणि कंडेन्सर मिळून तिला पहिली दिशा देतात. हातानं झटका दिल्यावर चालते, याचा अर्थ रनिंग वाइंडिंग चांगलं आहे, आणि दिशा देणारं काहीतरी गेलं आहे : कंडेन्सर, सेंट्रिफ्युगल स्विच, नाहीतर स्टार्टिंग वाइंडिंग. बहुतेक वेळा याच क्रमानं.

मेन पाडा, कंडेन्सरच्या दोन टोकांना १०० वॉटचा जुना बल्ब होल्डरसह काही सेकंद लावून त्यातला साठा उतरवा. पेचकस आडवा टाकून ठिणगी काढायची सवय बऱ्याच जणांना आहे, तिनं कंडेन्सर फुटतो आणि डोळ्यांत जातं. मग मल्टीमीटरच्या कपॅसिटन्सच्या खुणेवर मोजा. अंगावर ८०–१०० एमएफडी (मायक्रोफॅरड, कंडेन्सरचं माप) छापलं असेल आणि ४० दाखवत असेल तर बदला. छापलेल्या मापाचाच आणि तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचा घ्या. मोठा घातला की जास्त उचलेल असं समजून दुप्पट मापाचा घालू नका, स्टार्टिंग वाइंडिंग तापतं.

कंडेन्सर ठीक निघाला तर जरा आठवून पाहा. आतापर्यंत हातानं चालू केलेली मोटर बंद केल्यावर थांबत येताना आतून एक ‘टिक्’ असा आवाज यायला हवा होता, तो स्विच परत जागेवर बसल्याचा. आवाज येत नसेल तर स्विच अडकला आहे. हळदीची धूळ आणि ग्रीस मिळून तो चिकटतो. त्याचे पॉइंट झिरो नंबरच्या पॉलिश पेपरनं साफ होतात, पण मोटर उघडायची सवय नसेल तर रिवायंडिंगवाल्याकडून करून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे. ड्रम पूर्ण भरून सुरू करत असाल तर तेही थांबवा. हळद ड्रमच्या तळाशी एका बाजूला बसते आणि ते वजन उचलायला १ एचपीला फार वेळ लागतो.

प्रश्न : जुनी ३ एचपी थ्री फेज मोटर पडून आहे. नव्या वर्कशॉपमध्ये सिंगल फेज आहे. कंडेन्सर लावून रंधा मशीनला चालेल का?
— एक वाचक, ता. अंबड, जि. जालना

उत्तर : कंडेन्सर लावून फिरेल, पण ताकद तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कमी होईल आणि तीन वाइंडिंगपैकी एक सतत जास्त तापत राहील. रंध्यावर लाकडाचं ओझं क्षणाक्षणाला बदलतं, तिथं हा जुगाड टिकत नाही. अशा मोटरी मी भरल्या आहेत, पुन्हा त्याच परत आल्या आहेत.

त्याऐवजी सिंगल फेज आत घेऊन थ्री फेज बाहेर देणारा व्हीएफडी ड्राइव्ह लावा. तो २३० व्होल्टचे तीन फेज देतो, म्हणून मोटर २३० व्होल्टला डेल्टा, म्हणजे तिन्ही वाइंडिंग टोकाला टोक लावून त्रिकोणात, जोडता आली पाहिजे. पाटीवर २३०/४१५ असेल तर टर्मिनल बॉक्समध्ये पट्ट्या बदलून काम होईल. नुसतं ४१५ आणि स्टार (तिन्ही वाइंडिंगचं एकेक टोक एकत्र बांधलेलं) असेल, तीनच टोकं बाहेर असतील, तर आतला स्टारचा जोड सोडवून सहा टोकं बाहेर काढावी लागतात. वाइंडिंग जुनं आणि कडक झालेलं असेल तर ते सोडवताना तडकतं, म्हणून आधी मेगरवर इन्शुलेशन तपासून घ्या. ४१५ ला मुळातच डेल्टा असलेली मोटर याला चालत नाही. ड्राइव्ह ३ एचपीसाठी सिंगल फेजच्या बाजूनं २० अँपिअरच्या आसपास मागतो, तेव्हा वर्कशॉपची मेन वायर आणि मंजूर भार आधी बघा. ड्राइव्हची किंमत आणि नव्या २ एचपी सिंगल फेज मोटरीची किंमत दोन्ही विचारा. रंधा सहा इंची असेल तर नवी २ एचपीच घ्या. मोठा असेल तर ड्राइव्ह, आणि जुन्या मोटरीच्या पाटीचा फोटो काढून जवळच्या रिवायंडिंगवाल्याला दाखवल्याशिवाय ड्राइव्हची ऑर्डर देऊ नका.